टेलच्या शिवारापर्यंत



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांच्या हाताखाली शिकलेले कितीतरी जण समोर बसले आहेत. त्यांच्याविषयी मी बाहेरून येऊन काही सांगावं, हे बरं दिसणार नाही. थेट विषयाकडे वळतो. हवामान बदल, पाणीटंचाई, विषमता, स्थलांतर या जगभरच्या प्रश्नांना मूल्यशिक्षण काय उत्तर देऊ शकतं, असा विषय मला दिलाय. यावर मोठमोठे अहवाल आहेत. जाक देलोर यांच्या आयोगानं १९९६ मध्ये युनेस्कोला दिलेल्या अहवालात एकमेकांबरोबर जगायला शिकणं हा शिक्षणाचा एक आधारस्तंभ मानलाय. ते खरंच आहे. पण आज माझा बराचसा वेळ बारामती-इंदापूरच्या नीरा डाव्या कालव्यावर, सुप्याच्या माळावर आणि उसाच्या फडात जाणार आहे. जगाचे प्रश्न इथपर्यंत येऊन पोहोचलेत, आणि शाळेतल्या मुलाच्या हाताला ते इथेच लागतात.

१९७२ हे साल घ्या. त्या जूनमध्ये स्टॉकहोमला मानवी पर्यावरणावर संयुक्त राष्ट्रांची पहिली परिषद भरली. इंदिरा गांधी तिथे बोलल्या. त्याच साली महाराष्ट्र दुष्काळानं होरपळत होता. सुप्यापासून सांगोल्यापर्यंत माणसं खडी फोडत होती, सुकडीवर दिवस काढत होती. आणि त्याच साली बारामतीत विद्या प्रतिष्ठान उभं राहिलं. त्याच्या आदल्या वर्षी कृषी विकासाचा ट्रस्ट सुरू झाला होता. जगात पर्यावरणाची चर्चा सुरू झाली, तेव्हा आपल्याकडे त्या चर्चेचा विषय लोक अंगावर सोसत होते, आणि त्या सोसण्यातूनच इथल्या शिक्षणसंस्था जन्मल्या. पाझर तलाव आणि शाळा या दोन्ही गोष्टी इथल्या माणसानं एकाच घाईनं मागितल्या. या भागात मूल्यशिक्षणाचा विचार करताना ही घाई विसरून चालणार नाही.

आता आपल्या वर्गात काय चालतं ते पाहू. महाराष्ट्राच्या शाळांत परिपाठाला दहा मूल्यं सांगितली जातात: वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, वैज्ञानिक दृष्टिकोन, स्त्री-पुरुष समानता, सर्वधर्मसहिष्णुता. भिंतींवर ती सुंदर अक्षरांत लिहिलेली असतात. यादी चांगली आहे, तिच्याशी माझं भांडण नाही. मला खटकतं ते एवढंच, की यातलं एकही मूल्य परिपाठात कुणाच्या वाट्याला धक्का लावत नाही. ज्या मूल्यानं कुणाचंच काही कमी होत नाही, ते पाळायला अवघड नसतं. हवामानाचा प्रश्न, पाण्याचा प्रश्न, जमिनीचा प्रश्न हे सगळे वाट्याचे प्रश्न आहेत. कुणीतरी कमी घेतल्याशिवाय दुसऱ्याला मिळत नाही. म्हणून मूल्यशिक्षणाची कसोटी मी एकच मानतो: आपल्यानंतर ज्याची पाळी आहे, त्याचा विचार मुलाच्या मनात येतो का?

पाळी म्हटलं की इथल्या माणसाला कालवा आठवतो. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर नीरा डाव्या कालव्याचं काम निघालं आणि १८८५ च्या सुमारास त्यातून पाणी वाहू लागलं. पुरंदरमधून बारामतीत, बारामतीतून इंदापुरात, असा हा कालवा जातो. त्यामुळे पहिल्या दिवसापासून काही गावं हेडला, म्हणजे कालव्याच्या तोंडाशी, आणि काही टेलला, म्हणजे शेवटाला. हेडच्या माणसाला रात्री-अपरात्री दारं धरायचा कंटाळा येतो. टेलचा माणूस पाण्याचं आवर्तन संपत आलं तरी चारीकडे डोळे लावून बसलेला असतो. आणि गंमत नाही, दुःखाची गोष्ट अशी की हेडचंही त्यात भलं झालं नाही. फुकट मिळाल्यासारखं पाणी भरत राहिल्यानं काळ्या जमिनी चिबडल्या, मीठ फुटलं, चोपण झाल्या. शंभर वर्षांपूर्वीच दख्खनच्या कालव्यांवर इंजिनिअर लोक या क्षारपड जमिनींचा अभ्यास करत होते. एका टोकाला जादा पाण्यानं जमीन मेली, दुसऱ्या टोकाला पाण्यावाचून.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्यांनी याच नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. त्यांचा विचार सरळ होता. पाणी एकाच पट्ट्यात जिरू द्यायचं नाही. गावोगावी ठरावीक क्षेत्राचे ब्लॉक करायचे, त्यातल्या एका भागातच ऊस घ्यायचा आणि उरलेल्यात हंगामी पिकं, म्हणजे लाभ जास्त गावांत पोहोचेल आणि जमीनही चिबडणार नाही. विश्वेश्वरय्यांचा धडा आपण मुलांना शिकवतो. त्यात धरणाचे स्वयंचलित दरवाजे असतात, वेळेचं काटेकोरपण असतं. ज्या कालव्याच्या भरावावरून मुलं सायकलनं शाळेत येतात, त्या कालव्यावर विश्वेश्वरय्यांनी वाटपाचा प्रश्न हाताळला होता, हे मात्र मुलांना कुणी सांगत नाही. माझ्या मते इंजिनिअरच्या वहीतलं ते समतेचं काम होतं.

दुसरं उदाहरण शेजारच्या पुरंदरचं. बहात्तरच्या दुष्काळात विलासराव साळुंखे नायगावला गेले आणि १९७४ मध्ये त्यांनी ग्राम गौरव प्रतिष्ठान सुरू केलं. तिथून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम प्रत्येक हायस्कुलात फळ्यावर लिहून चर्चेला घ्यावेत इतके स्पष्ट आहेत. पाणी जमिनीच्या मापानं मिळणार नाही, माणसांच्या संख्येनं मिळेल: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला फार तर अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. जमीन विकली तर तिच्याबरोबर पाण्याचा हक्क विकला जाणार नाही. लाभ घेणाऱ्यांनी खर्चातला वाटा उचलायचा. आणि ऊस लावायचा नाही. सातवीतल्या मुलाला हे नियम देऊन बघा. दोनशे एकर भिजेल एवढं पाणी, शंभर कुटुंबं, त्यातली वीस भूमिहीन: वाटप कर. गणित तासाभरात सुटेल, त्यानंतरचा वाद आठवडाभर चालेल. बागायतदाराचा मुलगा म्हणेल, ज्याची जमीन त्याचं पाणी. शेतमजुराची मुलगी म्हणेल, तहान माणसाला लागते. शिक्षकानं घाईनं निकाल देऊ नये. वाद चालू असतो तेव्हा मूल्यशिक्षणही चालू असतं.

पाणी पंचायत सगळीकडे पसरली नाही, हेही मुलांना सांगायला हवं. का पसरली नाही, याचं उत्तर आपल्या साखर कारखान्यांच्या धुराड्यांकडे बघितलं की मिळतं. सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरचा छत्रपती, त्याआधी वालचंदनगर. उसानं या भागाला पैसा दिला, पक्की घरं दिली, शाळा-कॉलेजं दिली. आपण ज्या सभागृहात बसलोय, तेही अप्रत्यक्षपणे उसाचंच देणं आहे. ते नाकारणं कृतघ्नपणा होईल. पण केंद्राच्या कृषिमूल्य आयोगानंच सांगितलंय की महाराष्ट्रात पिकांखालच्या क्षेत्राच्या ४ टक्क्यांहून कमी जागेवर ऊस आहे आणि सिंचनाच्या पाण्यापैकी जवळपास ७० टक्के पाणी तो घेतो. जिथे वर्षाला सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथल्या मुलाला ही दोन टक्केवारी शेजारी-शेजारी मांडून दाखवली पाहिजे. त्याच्या वडिलांना गुन्हेगार ठरवण्यासाठी अजिबात नाही. उसाला हमखास भाव आहे, गाळपाची सोय आहे, वादळवाऱ्यात तग धरणारं पीक आहे; शेतकरी ते का लावतो हेही त्याच तासाला कळलं पाहिजे.

इथे एका माणसाची आठवण होते. १९९९ मध्ये संसदेच्या एका स्थायी समितीनं मूल्याधिष्ठित शिक्षणावर अहवाल दिला. सत्य, सदाचार, शांती, प्रेम, अहिंसा ही पाच मूल्यं तिनं सांगितली, आणि पुढे देशभर त्यांची चर्चा झाली. त्या समितीचे अध्यक्ष होते शंकरराव चव्हाण. हेच शंकरराव १९८६ ते १९८८ या दुसऱ्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात आठमाही पाण्याचा आग्रह धरत होते: कालव्याचं पाणी बारमाही उसाला देण्याऐवजी खरीप आणि रब्बीला द्या, म्हणजे ते जास्त शेतकऱ्यांना पुरेल. साखरपट्ट्यानं त्यांना कडाडून विरोध केला. अहवालातल्या पाच मूल्यांची आपण चर्चा केली आणि आठमाही पाणी सोडून दिलं. मला तर वाटतं, शंकररावांचं खरं मूल्यशिक्षण त्या दुसऱ्या कागदात होतं.

आज बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात ऑक्सफर्ड आणि मायक्रोसॉफ्टच्या साहाय्यानं कृत्रिम बुद्धिमत्ता वापरून ऊस पिकवण्याचे प्रयोग चालू आहेत. उपग्रहाचं चित्र, हवामान केंद्र, जमिनीतले सेन्सर. कुठल्या कोपऱ्याला किती पाणी हवं ते शेतकऱ्याला मोबाइलवर कळतं. त्यामुळे पाणी वाचतं, खत वाचतं. मला या प्रयोगाचा अभिमान वाटतो. पण एक प्रश्न यंत्र सोडवू शकत नाही: वाचलेलं पाणी कुणाचं? हेडच्या शेतकऱ्यानं वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर ऊस लावला, तर टेलला एक थेंबही जास्त जाणार नाही. जगभर हेच झालंय. इंजिनं कमी इंधन खाऊ लागली, तेवढ्या गाड्या वाढल्या. तंत्रज्ञान काटकसर शिकवतं. वाचलेलं कुणाला द्यायचं, हे माणसालाच शिकावं लागतं, आणि त्याची जागा शाळा आहे.

इंदापूरकरांनी आतापर्यंत मान डोलावली असेल, कारण कालव्याच्या हिशेबात ते टेलला. पण उजनी धरणाच्या काठावर उभं राहिलं की चित्र बदलतं. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाची क्षमता ११७ टीएमसी. त्याच्या फुगवट्यात इंदापूर तालुक्यातल्या भीमाकाठच्या काळ्याभोर जमिनी गेल्या. पळसदेवचं जुनं मंदिर पाणी उतरलं की वर येतं, तेव्हा म्हातारी माणसं आपली गावठाणाची जागा बोटानं दाखवतात. लाभ सोलापूरला झाला. त्या वेळी इंदापूरनं सोसलं. आज पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून त्याच फुगवट्यात येतं. पाण्यावर हिरवी साय धरते, वास येतो. भिगवण-कुंभारगावला रोहित पक्षी बघायला पुण्याहून माणसं येतात आणि त्यांच्याच घरातलं वापरलेलं पाणी त्यांच्या आधी येऊन पोहोचलेलं असतं. त्याच जलाशयातून पुढे सोलापूर शहर पाणी पितं. म्हणजे पुण्यासाठी इंदापूर टेलला, इंदापूरच्या पुढे सोलापूर. आपण प्रत्येक जण कुणाच्या तरी वर आणि कुणाच्या तरी खाली राहतो.

हवामान बदलाचा मुद्दा मला याच भाषेत मांडता येतो. शंभर-दीडशे वर्षं कोळसा आणि तेल जाळून जी राष्ट्रं श्रीमंत झाली, ती हेडला. त्याचा ताप टेलला पोहोचला, तो २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कऱ्हेच्या पुराच्या रूपात, जेव्हा बारामतीतल्या हजारो लोकांना घरं सोडावी लागली. आणि पुन्हा २५ मे २०२५ ला, जेव्हा भर उन्हाळ्यात अतोनात पाऊस होऊन पिंपळी-लिमटेकजवळ नीरा डावा कालवा फुटला. एकेका घटनेचं खापर हवामान बदलावर फोडू नये, शास्त्रज्ञही तसं करत नाहीत. पण कोरड्या भागात कमी दिवसांत जास्त पाऊस आणि मधे लांब खंड, ही तऱ्हा ते सांगतच होते. माळेगावला २००९ पासून राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था याच ताणांवर काम करतेय: अवर्षण, उष्णता, क्षार, मुरमाड जमीन. देशातली एवढी मोठी संस्था शाळेपासून सायकलच्या अंतरावर असताना आमची मुलं हवामान बदल म्हणून ध्रुवावरच्या अस्वलाचं चित्र काढतात. अस्वलाबद्दल कणव असावीच, पण माळेगावच्या खडकावरचं रोपही बघून यावं.

आता माळाकडे वळतो. या विषयावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण इथे चांगल्या हेतूनंच नुकसान होतंय. पर्यावरणाचं मूल्य म्हटलं की आपल्या शाळेत एकच कार्यक्रम ठरलेला: वृक्षारोपण. पाच जूनला खड्डे, रोपं, फोटो. आणि जागा कुठली? गावाबाहेरचा ओसाड माळ. पण तो माळ ओसाड नाही. सुप्याला १९९७ मध्ये मयूरेश्वर अभयारण्य झालं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. ते चिंकाऱ्यांसाठी, गवताळ माळासाठी. इंदापूरचं कडबनवाडी, बारामतीचं शिर्सुफळ इथे वनविभागानं गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली ती चिंकारा, लांडगा, खोकड, धाविक पक्षी बघायला. हे सगळे उघड्या गवतात जगणारे जीव. चिंकाऱ्याला दूरवर दिसलं पाहिजे, तरच तो धावून वाचतो. धाविक उघड्या जमिनीवर अंडी घालतो. माळावर सलग चर खणले, गिरिपुष्पाच्या ओळी लावल्या, की पवन्या आणि मारवेल जातं, आणि त्यांच्यामागोमाग हे सगळे जातात. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य केलं. आज तिथे माळढोक दिसणं दुर्मीळातलं दुर्मीळ झालंय.

माळ गेला की धनगराची मेंढरंही जातात. तुकोबांची पालखी काटेवाडीला येते तेव्हा पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. ते बघून आपले डोळे भरतात. पण ज्या गवतावर ती मेंढरं वर्षभर जगतात, त्याला सरकारी दप्तरात पडीक म्हणतात आणि आपणही म्हणतो. मेंढपाळाला लांडग्याची सवय आहे. दोन-चार मेंढरं गेली तरी तो पिढ्यान्‌पिढ्या त्याच माळावर राहिलाय. सहजीवनाचा धडा शोधत कुठे लांब जायची गरज नाही. तो धनगर वर्गात येऊन बोलला पाहिजे, आणि त्याच्या मुलीला आपल्या बापाचं काम पुस्तकात दिसलं पाहिजे. संवेदनशीलता आणि वैज्ञानिक दृष्टिकोन ही दोन मूल्यं परिपाठाच्या यादीत वेगवेगळी लिहिलेली आहेत. माळावर गेलं की कळतं, एक नसेल तर दुसरं घात करतं.

आणि तिसरी जागा उसाचा फड. दसरा झाला की बीड, जालना, अहिल्यानगरच्या बाजूनं टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. कारखान्याच्या आवारात, गावाच्या कडेला त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहतात आणि त्या कोप्यांत मुलं असतात. मोठी पोर धाकट्याला सांभाळते, भल्या पहाटे उसाचं वाढं गोळा करते. तिथून हाकेच्या अंतरावर आपल्या शाळेत परिपाठाला श्रमप्रतिष्ठेवर सुविचार वाचला जातो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं त्या पोरीचा हक्क आपल्या हक्काएवढाच ठरवलाय. साखरशाळा झाल्या, हंगामी वसतिगृहं झाली, शिक्षण हमी पत्रक आलं, सोमेश्वर परिसरात कोप्यांवर जाऊन शिकवण्याचे मनापासूनचे प्रयत्न झाले. त्या सगळ्यांना नमस्कार करून मी म्हणतो, ती मुलं आपल्या मुलांच्या बाकावर बसली पाहिजेत. तात्पुरती असली तरी त्याच हजेरीपटावर. बागायतदाराच्या मुलाला साखरेची किंमत कळायची असेल, तर शेजारी बसलेली मैत्रीण मार्चमध्ये अचानक का नाहीशी होते, हे त्याला कळायला हवं. थोरल्या वर्गांत याहून अवघड गोष्टही बोलावी लागेल: २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला सरकारला समिती नेमावी लागली. स्त्री-पुरुष समानतेचा तास या गोष्टीवाचून पुरा होत नाही.

त्याच बीड जिल्ह्यातून शिकण्यासारखंही काही आलंय. २००९ मध्ये शांतिलाल मुथ्था यांच्या संस्थेनं तिथल्या ५०० शाळांत मूल्यवर्धन हा कार्यक्रम सुरू केला. त्याचा पाया संविधानातली मूल्यं: न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता. मुलं जोडीनं, गटानं बसून बोलतात, ठरवतात, भांडण सोडवतात. शिक्षकाचं भाषण कमी. मला त्याची ही रीत फार मोलाची वाटते. १९३७ च्या वर्धा परिषदेतून आलेली नई तालीम आणि कर्मवीर भाऊरावांची कमवा आणि शिका योजना यांनी हात आणि डोकं एकत्र आणलं होतं. आता त्यात वाटपाचा हिशेब मिळवावा लागेल.

शिक्षक मला विचारतील, पोर्शन कधी संपवायचा? प्रश्न रास्त आहे. नवा विषय, नवं पुस्तक मी मागत नाही. गणितात आवर्तनाचे क्युसेक आणि टीएमसी घ्या, भूगोलात नीरेचं आणि भीमेचं खोरं, विज्ञानात क्षारपड जमिनीचा सामू, मराठीत कोपीतल्या मैत्रिणीची मुलाखत. सुपे, मोरगाव, उंडवडीच्या जिरायती गावांतल्या मुलांना एक दिवस माळेगावच्या बागायतीतल्या शाळेत बसवा आणि तिथल्या मुलांना टँकर येतो त्या दिवशी सुप्याकडे न्या. नीरा-देवघर धरणाच्या पाण्यावरून २०१९-२० मध्ये जो वाद पेटला, त्यात एका बाजूला बारामती-इंदापूर होतं आणि दुसऱ्या बाजूला फलटण, माळशिरस, सांगोला. बारामतीच्या वर्गात सांगोल्याची बाजू मांडायला सर्वांत हुशार मुलाला उभं करा. घरी बापाशी त्याचा वाद होईल. होऊ द्या.

उन्हाळी आवर्तनाचा निर्णय कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत होतो. या वर्षीच्या बैठकीचा निर्णय कालव्यावरच्या प्रत्येक हायस्कुलात नववीच्या वर्गात वाचला जावा: किती पाणी, किती दिवस, कुठल्या वितरिकेला, आधी टेलला की आधी हेडला. मुलांनी तो वहीत लिहून घ्यावा, आणि आवर्तन सुरू असताना शेवटच्या चारीवर प्रत्यक्ष जाऊन पाणी किती आलं ते मोजून त्याच वहीत नोंदवावं. वही मुख्याध्यापकांनी पाटबंधारे खात्याच्या शाखा कार्यालयात पाठवावी, आणि तिची एक प्रत शेजारच्या तालुक्यातल्या शाळेला.